माशीनं बघितलं तर ठरतं का?

न्हावरे, ता. शिरूर
१२ जून २००३

तीर्थरूप ज्ञानदेवमामांना करुणाचा वाकून जय भीम. मामींनाही तितकाच, पण न वाकता, कारण त्या वाकू देत नाहीत, मध्येच धरून गालावरून हात फिरवतात.

तुमचा गुडघा कसा आहे? सिग्नलच्या खांबावर चढताना अजून कट्‌कट्‌ वाजतो का, की डॉक्टरांनी दिलेल्या तेलानं नुसता वास येतो आणि वाजायचा तो वाजतोच? मामींची खोकल्याची ढास कमी झाली असेल अशी आशा आहे. तुमचा विनोद अभ्यास करतो असं त्यानं कळवलंय, ते खरं आहे का हे कृपया कळवावे. आमच्याकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे आणि मीही ते लिहिणारच होते. पण मामा, गेल्या आठवड्यात गावची दूध डेअरी एक सकाळ बंद पडली, डेअरीचे सेक्रेटरी पोपटराव मी दिसले की रस्ता बदलतात, आणि शेजारच्या रखमाजीआबांची कोंबडी रोज संध्याकाळी येऊन आमच्या गोठ्याच्या भिंतीवर चोच मारत बसते. या तिन्ही गोष्टींना कारण मी आहे. आणि माझ्यामागचं कारण तुम्ही आहात. रागावू नका, सगळं वाचा, मग रागवा.

आठवतं का, जयंतीला तुम्ही आला होतात तेव्हा माझ्या एम.एस्सी.चा विषय निघाला होता? आई म्हणत होती, बी.एस्सी. झाली, घरात पहिली पदवी आली, आता फिजिक्समध्ये अजून शिकायचं काय राहिलंय? तेव्हा तुम्ही बशीतला चहा फुंकत म्हणालात, "अक्का, ही काय शिकती त्ये तिला तुला समजावून सांगू दे. तुला कळलं तर पाठव पुण्याला, न्हाईतर बी.एड. करू दे." एवढं बोलून तुम्ही हसलात आणि चौफुल्याची एस.टी. पकडून दौंडला निघून गेलात. तुम्ही गंमत केली होती. पण आईनं तुमच्या शब्दाला आजवर कधी गंमत मानलेलं नाही. त्या दिवसापासून "अट म्हंजी अट" असं चाललंय, माझी गुणपत्रिका ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला. दादांना विचारलं तर ते म्हणाले, मायलेकींचं मिटलं की मला सांगा. विद्यापीठाचे प्रवेश महिनाअखेर बंद होतात.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. विज्ञान तळागाळापर्यंत पोचलं पाहिजे असं मी शिरूरच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी टाळ्या घेऊन सांगितलेलं आहे. (तळागाळ म्हणजे आपलीच चूल आणि आपलाच गोठा, हे तेव्हा भाषणात नव्हतं.) मी ठरवलं, आईला क्वांटम फिजिक्स समजावायचं, मग गल्लीला, मग वर्षाअखेरपर्यंत तालुक्याला.

पहिला धडा अंड्यांचा. मी म्हटलं, आपल्याला वाटतं उजेड पाण्यासारखा सलग वाहतो. तसं नाही. तो अंड्यांसारखा सुटा सुटा येतो. एक अंडं, दोन अंडी, शंभर अंडी, पण दीड अंडं कुणी देत नाही की घेत नाही. उजेडाच्या अशा एकेका नगाला फोटॉन म्हणतात. दिव्यातून ते इतके भराभर सुटतात की डोळ्याला धार वाटते. आईनं विचारलं, "फुटलं तर?" मी म्हटलं, फुटत नाही. "मंग अंडं कशाला म्हणती, जवारीचा दाणा म्हण की." मी म्हटलं, दाणा भरडता येतो. मग आम्ही दोघी भाकरी थापायच्या सोडून न फुटणारी, न भरडणारी वस्तू शोधत बसलो. शेवटी दाणाच ठरला, भरडायचा नाही या बोलीवर. तवा तोपर्यंत लाल झाला होता. (लोखंड तापलं की आधी लाल, मग पिवळं का दिसतं, याचा हिशेब जुळत नव्हता म्हणूनच शंभर वर्षांपूर्वी हा दाण्यांचा विचार निघाला, हे मला तिथल्या तिथं दाखवता आलं. भाकरी मात्र करपली.)

दुसरा धडा शिडीचा, आणि हा तुमच्या कामाचा आहे, नीट वाचा. अणूमधला इलेक्ट्रॉन हव्या त्या उंचीवर राहू शकत नाही. त्याला शिडीसारख्या पायऱ्या नेमून दिलेल्या असतात. या पायरीवर नाहीतर त्या पायरीवर, मध्ये थांबायची सोय नाही. वरच्या पायरीवरून खाली उडी मारली की तो उजेडाचा एक दाणा टाकतो, आणि उडी जेवढी, त्याप्रमाणे त्या दाण्याचा रंग. दौंडच्या यार्डात जुने बल्ब काढून बारक्या बारक्या टिपक्यांचे नवे सिग्नल बसवताहेत असं तुम्ही सांगत होतात ना? ते एलईडी. त्यांच्या पोटात हाच उड्यांचा कारखाना चालतो. म्हणजे मामा, तुम्ही आपली शिडी लावून रोज क्वांटमच्या शिडीपर्यंत चढता आणि खाली येऊन गुडघ्याला तेल लावता! आईला हा धडा पटला, फक्त मध्ये थांबता येत नाही हे पटलं नाही. म्हणाली, "लोंबकळता येतंय की. डेअरीचं पत्रं बसवताना पोपटराव लोंबकळला व्हता." मी म्हटलं, आई, पोपटराव इलेक्ट्रॉन नाहीत. म्हणाली, "त्ये मला दिसतंय."

तिसऱ्या धड्याला मला लेझर लागला. विनोदनं जत्रेत घेतलेला तो किल्लीच्या साखळीचा लेझर, जो तुम्ही जप्त करून आमच्या फडताळात ठेवला होता, तो मी काढला. (विज्ञानासाठी काढला. विनोदला सांगू नका.) संध्याकाळी लाईट गेली, गोठ्यात अंधार झाला, समोर नुकतीच चुन्यानं रंगवलेली भिंत. एका पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर आईच्या डोक्याचा एक लांब केस ताणून बसवला आणि त्यावर लेझर मारला. मामा, तुम्ही सांगा, भिंतीवर काय दिसायला हवं? एक लाल ठिपका आणि मध्ये केसाची सावली, एवढंच ना? पण भिंतीवर ओळ उमटली! मध्ये मोठा ठिपका आणि दोन्ही बाजूंना उजेड, अंधार, उजेड, अंधार, अशी लांबपर्यंत. म्हशीनं रवंथ करायचं थांबवलं. आई "अग्गंबाई" म्हणून पुढं सरकली.

मी सांगितलं, हौदात दोन खडे टाकले की दोन्हींच्या लाटा एकमेकींत मिसळतात, कुठे दुप्पट होतात, कुठे एकमेकींना मारून टाकतात. तसंच केसाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या उजेडाचं झालं. आई लगेच म्हणाली, "लाट? आन् मगाशी तर दाणा म्हनलीस!" मामा, मला तिला मिठी मारावीशी वाटली. जगातल्या मोठमोठ्या लोकांना ज्यानं झोप येऊ दिली नाही ते हेच! उजेड जातो लाटेसारखा आणि पोचतो दाण्यासारखा. एका वेळी एकच दाणा सोडला तरी तो भिंतीवर एकाच जागी टिपका देतो, पण असे हजारो दाणे एकामागून एक सोडत गेलं की हळूहळू तेच पट्टे तयार होतात. म्हणजे एकट्या दाण्यालाही दोन्ही वाटा ठाऊक असतात. आई म्हणाली, "एकटा दोन्हीकडनं गेला? त्याला कुणी इचारलं का?" मी म्हटलं, विचारलं ना! वाटेवर पहारा बसवला की तो निमूटपणे एकाच बाजूनं जातो, आणि पट्टे गायब होतात.

नेमके त्याच वेळी रखमाजीआबा त्यांची डालायची राहिलेली कोंबडी शोधत दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "म्हंजी बघितलं की बदलतं?" ऐकणारे एकाचे दोन झाल्याच्या आनंदात मी ओरडले, "हो आबा! बघितलं की बदलतं!" हे वाक्य मला पुढे किती महागात पडलं ते येतंच आहे. कोंबडीही तिथंच निघाली. ती भिंतीपाशी गेली आणि लाल टिपके एकेक करून टिपायला लागली. आई म्हणाली, "ह्ये बघ, तिला दाणंच दिसत्यात." (प्रकाश कणरूप असल्याचा असा पुरावा कुठल्या पुस्तकात नाही.)

त्या रात्री जेवताना मी आईला याचे उपयोगही सांगितले, म्हणजे नुसतं पुस्तकी वाटायला नको. तिला सगळ्यात आवडली ती चोरून ऐकणारा पकडायची युक्ती. आपण इम्रानभाईंच्या एसटीडी बूथवरून तुमच्याशी बोललो की बाहेर रांगेतले सगळे ऐकतात. (माझ्या त्या तळेगाव ढमढेऱ्याच्या स्थळाचं तुम्हाला आईनं फोनवर सांगितलं आणि बाजारच्या दिवशी कांदे घेताना मलाच लोक विचारायला लागले, तो प्रकार तुम्हाला माहीत आहे.) पण गुप्त खुणा जर उजेडाच्या एकेक दाण्यावर लिहून पाठवल्या, आणि मध्ये कुणी डोकावलं, तर त्याच्या डोकावण्यानंच दाणे बिघडतात. दोन्ही टोकांची माणसं त्यातले थोडे दाणे ताडून बघतात. बिघडलेले निघाले तर त्या खुणा टाकून द्यायच्या, खरं बोलणं अजून पाठवलेलंच नसतं! असे संच आता विकायला येऊ घातलेत. आईनं विचारलं, "इम्रानच्या बूथवर कवा यील?" मग मी क्वांटम संगणकाचं सांगितलं. त्यात चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना खोडतात आणि बरोबर उत्तराची लाट वर येते. परदेशात असा एक छोटासा बनवलाय, त्यानं पंधरा म्हणजे तीन पाचे हे शोधून काढलं. आईनं ताटातली भाकरी मोडली. मग हलकेच म्हणाली, "त्ये मला बी येतं ग." मी म्हटलं, अजून लहान आहे तो. म्हणाली, "व्हय व्हय, शिकंल."

आता डेअरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई किटली घेऊन रांगेत. आमच्या पुढं रखमाजीआबा. तुम्हाला ठाऊक आहे, डेअरीत प्रत्येकाचं थोडं दूध मशिनीत घालून फॅट बघतात, आणि आबांचं फॅट नेहमी कमी लागतं. म्हैस चांगली, पेंड चांगली, फॅट कमी. का कमी हे सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त आबांसमोर कुणी बोलत नाही. पोपटरावांनी मशिनीकडे मान वळवली तसं आबांनी त्यांच्या डोळ्यांपुढे हात धरला. म्हणाले, "पोपटराव, तुमी बघू नका."

"काय बघू नको?"

"मशिनीकडं. तुमी बघताय म्हणून फॅट उतरतंय. ताईबाईच्या पोरीनं काल लेझर लावून दाखावलंय, बघितलं की बदलतं."

"आबा, फॅट बघितल्यानं उतरत न्हाई. पाण्यानं उतरतंय."

"मी पाणी घालतो म्हनतोस? आरं, जवर बघितलं न्हाई तवर त्यात पाणी हाय बी आन् न्हाई बी! तू बघतो म्हणून हाय व्हतंय!"

मामा, खरं सांगू, एका बाजूला मला आईच्या पदराआड लपावंसं वाटत होतं आणि दुसऱ्या बाजूला अभिमानानं ऊर भरून आला होता. आमच्या वर्गात अर्ध्या मुलांना हे वाक्य परीक्षेत लिहिता आलं नव्हतं. मग काय विचारता! ज्यांचं ज्यांचं फॅट कमी लागतं ते सगळे क्षणात क्वांटमच्या बाजूला गेले. ज्यांचं चांगलं लागतं ते जुन्या फिजिक्सला धरून राहिले. कुणी म्हणालं मशिनीवर टॉवेल टाका, तर कुणीतरी टाकलाही. कुणी म्हणालं पोपटरावांनी भिंतीकडं तोंड करून बसावं. पोपटराव रागानं खरोखरच भिंतीकडं तोंड करून बसले आणि म्हणाले, आता सांगा मी आकडा लिहू कसा? बाहेर दुधाचा टँकर हॉर्नवर हॉर्न देत होता. दूध उतू जाण्याआधीच नासायची पाळी. शेवटी पोपटराव भिंतीला उद्देशून ओरडले, "ताईबाई, तुमच्या पोरीला पुण्याला पाठवा न्हाईतर लंडनला पाठवा, पर हितनं न्या!"

मला वाटलं, चला, निदान एक मत तरी मिळालं. पण आई पुढं झाली. पदर खोचून म्हणाली, "न्हेनार. पर ती खरं शिकली का भलतंच शिकली, त्ये आधी हितंच कळू द्या." आणि माझ्याकडं वळली. सगळी रांग माझ्याकडं वळली. माझी एम.एस्सी. आबांच्या किटलीत येऊन पडली होती.

मी रिकाम्या क्रेटवर उभी राहिले आणि सांगितलं. एकटा दाणा म्हणजे एकट्या माणसाच्या मनातली गोष्ट. कुणाला कळली नाही तोवर ती हो पण असते आणि नाही पण. पण दुधाची किटली म्हणजे लग्नघर! तिथं गोष्ट मनात राहील का? एकेका थेंबात मोजता येणार नाहीत इतके कण, ते एकमेकांना ढकलतात, किटलीला आपटतात, हवा त्यांना आपटते, ऊन पडतं, ऊब लागते. अशा प्रत्येक धक्क्यात त्यांची बातमी बाहेर फुटते. पोपटरावांच्या आधी निसर्गानं त्या दुधाकडं अगणित वेळा बघून झालेलं आहे. आता त्यांनी बघितलं काय आणि भिंतीकडं तोंड केलं काय, पाणी असेल तर आहे आणि नसेल तर नाही.

पोपटराव भिंतीकडून वळले. टॉवेल निघाला. आबा खिन्न होऊन म्हणाले, "म्हंजी किटलीवर माशी बसली, तिनं बघितलं, तरी बी ठरलं?" मी म्हटलं, आबा, माशी बसायच्या आधीच ठरलेलं असतं, पण हो, माशीही पुरते. आबांनी किटलीच्या काठावरच्या माशीकडं असं पाहिलं की ती उडूनच गेली. सगळे हसले. मीही हसणार, एवढ्यात आई म्हणाली, "थांब. माशीनं बघितलं तरी ठरतं, मशिनीनं बघितलं तरी ठरतं. पर माशी बी असल्याच कणांची ना ग?"

"हो."

"मशीन बी? आन् पोपटराव बी?"

"तेही."

"मंग कणांनीच कणांकडं बघितलं की. त्यात ठरवलं कुणी? बघणारा कुठनं सुरू झाला?"

मामा, माझ्याकडं चार मोठे शब्द होते. ते फेकले असते तर डेअरीत कुणालाही कळलं नसतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. पण आईच्या तोंडाकडं बघून मला ते फेकवेनात. मी म्हटलं, "माहीत नाही."

"तुला माहीत न्हाई, का कुणालाच?"

"कुणालाच नक्की नाही. गणित बरोबर येतं, यंत्रं चालतात, पण तू विचारलंस त्यावर शहाण्या माणसांचं अजून भांडण चालू आहे."

"घ्या! एवढं शिकून माहीत न्हाई," असं म्हणून पोपटराव खुर्चीत मागं रेलले. रांग पुढं सरकली. आईनं दूध घातलं, रिकामी किटली उचलली आणि चालू लागली. मी मागून. मनातल्या मनात मी बी.एड.चा अर्ज भरायलाही सुरुवात केली होती. खडू कसा धरायचा, मुलांना रांगेत कसं उभं करायचं, सगळं डोळ्यांपुढं आलं. आई झपाझप पुढं चालत होती. घर जवळ आलं तेव्हा न थांबता म्हणाली, "विद्यापीठाचा अर्ज कवा भरायचा हाय?"

मी म्हटलं, महिनाअखेरच्या आत. ती म्हणाली, "मला वाटत व्हतं, सगळं शोधून झालंय आन् तू नुसतं पाठ कराया चाललीस. पाठ कराया पुण्याला कशाला जायाचं, त्ये ओसरीवर बी व्हतं. पर काम अजून शिल्लक हाय म्हन की. मंग जा बाई. लोकं अडलीत तिथं."

मामा, मी रस्त्यातच उडी मारली. (कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीवर ते विचारू नका, पण उजेड नक्की पडला असणार.) गल्लीतली दोन कुत्री माझ्याबरोबर पळाली. दादांना रानात जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "मिटलं का? बरं झालं. चहा ठेव." मी दिवसभर हसत होते आणि अजूनही हसतेच आहे, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलंय, त्याबद्दल माफी असावी.

मामींना सांगा, पुण्याहून येताना वाट वाकडी करून दौंडला येत जाईन. विनोदला आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
करुणा

ता. क. विनोदच्या लेझरचे सेल संपलेत. नवे घालून ठेवीन. पण कोंबडीनं भिंतीचा चुना टिपून टिपून खाल्लाय, तो काही मला परत घालता येणार नाही.

ता. क. रखमाजीआबा आता किटलीला फडकं घट्ट बांधून आणतात. माशीनं बघू नये म्हणून. फॅट तेवढंच लागतं, पण दूध स्वच्छ असतं म्हणून पोपटरावांनी सगळ्यांदेखत त्यांचं कौतुक केलं. आबा म्हणतात, विज्ञान हळूहळू लागू पडतं.

ता. क. खरं काम आता लिहिते. ट्रंकेची किल्ली अजून आईच्या कमरेलाच आहे. ती म्हणते, "मला कळलं न कळलं त्ये झालं. पर अट घातली ज्ञानदेवानं. त्याला तरी कळतंय का बघू. त्याला कळत नसंल तर त्यानं अट घातली कशाच्या जोरावर?" तर येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं ती केडगाववरून दौंडला येत आहे, तुमची परीक्षा घ्यायला. तुम्ही पास झालात की गुणपत्रिका बाहेर निघणार आणि मी पुण्याला जाणार. नापास झालात तर आपण दोघंही घरी. म्हणूनच हे पत्र एवढं लांबलं. आई विचारणार ते सगळं यात आलेलं आहे. दाणा, शिडी आणि केस हे तीन भाग तरी कृपा करून दोनदा वाचा. एलईडीचं तर ती विचारणारच, कारण ते तुमच्या खात्यातलं आहे. मामींना प्रश्न विचारायला बसवा, म्हणजे सराव होईल.

ता. क. घाबरू नका. कुठे अडलात तर थापा मारू नका, सरळ "माहीत नाही" म्हणा. आईला ते उत्तर चालतं. फक्त पहिल्याच प्रश्नाला म्हणू नका.